सातवा सोटा

सोटे बघायला सुचेताबाई साडेदहाला येणार होत्या. अनंता मात्र आठलाच मागच्या पडवीत येऊन बसला. केसरीनाथ मास्तर दाढी करत होते, आणि खिळ्याला टांगलेल्या आरशात त्यांच्या खांद्यामागे धाकट्या भावाचा चेहरा सारखा येत-जात होता.

"दादूस, अजून वेल हाय."

"कशाला?"

"इचारतंस काय? सातवा काढ भिंतीवरशी. सांग, वालवी लागली, जालून टाकला. घर पाडायला काढलाय, अर्धा सामान इकडं-तिकडं झालाय. कोन बघतंय?"

मास्तरांनी वस्तरा पाण्यात बुडवला आणि जरा वेळ तिथेच धरून ठेवला. गळ्यावरचा साबण तसाच वाळत होता.

"रुचिका बघते," ते म्हणाले. "तिच्या वहीत सातही सोट्यांची चित्रं आहेत. मापं आहेत."

"ती कोनी शिकवली तिला?"

मास्तरांनीच शिकवली होती. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही शिकवणं काही सुटलं नाही. समोर मूल आलं की त्यांना राहवत नसे. चिंचोक्यांवर पाढे, भरती-ओहोटीवरून तिथी, पानांवरून झाड. भाच्याची, मनोजची रुचिका सात वर्षांची झाली, आणि एके दिवशी ओटीवरच्या भिंतीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "मास्तरआजोबा, हे एवढे सोटे कोणाला मारायला?" त्या दिवशी त्यांनी विषय बदलायला हवा होता. त्यांनी स्टूल ओढून पहिला सोटा खाली काढला.

सोटे त्यांच्या बापाने आणलेले. लडकू पाटील मुंबई बंदरातून माल नेणाऱ्या बोटींवर खलाशी होता. मोंबासा, दारेसलाम, डरबन अशा फेऱ्या करायचा. इतर खलाशी कापड आणत, घड्याळं आणत. लडकूने लाकडी सोटे आणले. तिकडच्या लोकांची हत्यारं, अंगठ्याएवढ्या जाड दांड्याची, टोकाला गोळा असलेली. एकूण सात. वळ गावात लोक त्याला हसले, मग दसऱ्याला विळे, कोयते, जाळी यांच्या पंगतीला हे सोटेही मांडले जाऊ लागले, आणि हसणं थांबलं. दसऱ्याला सगळी भावकी जमे आणि पोरं मोठ्याने मोजत: एक, दोन, तीन.

"अनंता," मास्तर म्हणाले, "आज काढला तर आजच विचारतील. मनोज लहान नाही राहिला."

"मग मर तू," अनंता म्हणाला. आवाज मात्र रडवेला होता. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण भ्यायला की अजून खालचा ओठ आत घ्यायचा. "तुला काय. बाईमानूस न्हाय, पोर न्हाय. माझी सून हाय, नातवंडं हाईत. आन् बाय..." तो थांबला. "बाय माझा तोंड बघंल काय?"

बाय म्हणजे कमळा, दोघांची बहीण. आतून तिच्या बांगड्यांचा आवाज आला तसा मास्तरांनी वस्तरा पुन्हा गालाला लावला.

ती भांडं घेऊन पडवीत आली, दोघांकडे पाहिलं. "दोघं भाव कवाशी एवढं गोडीत आलांव?" ती म्हणाली. "दादूस, अर्धी दाढी करून पाव्हन्यासमोर जाशील काय?"

*

कोन गावच्या नाक्यावर कंटेनर आडवा झाल्याने सुचेताबाईंना यायला सव्वाअकरा वाजले. मास्तरांनी तो पाऊण तास ओटीवर बसून काढला. बाहेर गाडीचा आवाज आला की ते उठत, गाडी पुढच्या गोडाऊनकडे निघून गेली की पुन्हा बसत. एकदा त्यांच्या मनात आलं, बाई येऊच नयेत. गाडी बंद पडावी, ताप यावा. मग स्वतःचीच लाज वाटली.

मध्ये एकदा रुचिका वही घेऊन जवळ येऊन बसली. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोटांना शाई.

"आजोबा, सातव्याचं काय लिहू? तुम्ही दर वेळी सातवा शेवटी म्हणता आणि मग राहतोच."

एक वाक्य पुरलं असतं. सहाव्यासारखाच लिही, जोडीतला आहे. वाक्य जिभेवर आलं होतं. तिने पेन उघडून धरलं होतं, आणि मास्तर जे सांगतील ते ती डोळे मिटून लिहिणार होती.

"स्वतः बघून लिहायचं," मास्तर म्हणाले. "माझं ऐकून नाही."

सुचेताबाई भिवंडी गावातल्या, पण तीस वर्षं मुंबईच्या एका संग्रहालयात लाकडी वस्तूंच्या विभागात काढलेल्या. त्यांना मनोजने बोलावलं होतं. जुनं घर पुढच्या महिन्यात पडणार, त्याआधीचा हा शेवटचा दसरा. मग सोटे आजोबांच्या नावाने संग्रहालयात द्यायचे, खाली नीट पाटी लावून, हे त्याने ठरवलं होतं. मनोज पंचेचाळीसचा. गोडाऊनांचा कारभार बघायचा, दिवसभर फोनवर हिंदीत ओरडायचा. आज मात्र इस्त्रीचा सदरा घालून लहान मुलासारखा आनंदात होता.

"मॅडम, हे आमचे मामा," तो म्हणाला. "माझे वडील मी सहा वर्षांचा असताना गेले. तेव्हापासून आई आणि मी इथेच. ह्यांनी मला वाढवलं. आज जो काय आहे तो ह्यांच्यामुळे."

मास्तरांनी हात जोडले. समोरच्या भिंतीवर मनोजच्या वडिलांचा, हरेशचा फोटो होता, मागच्या रविवारी सर्वपित्रीला घातलेला हार अजून सुकायचा होता. मास्तर त्या भिंतीकडे पाठ करून बसले.

तेवढ्यात अनंताने शेवटचा प्रयत्न केला. "मी काय बोलतो, बाई. ह्या पूजेतल्या वस्तू. देवाच्या. परक्याच्या हातानं उलट्यापालट्या करू नये असा आमच्यात हाय."

"अनंतामामा!" मनोज हसायला लागला. "गेल्या होळीला तुम्हीच म्हणालात ना, भंगारवाल्याला द्या, जागा अडतेय?"

"तवा माझा डोका फिरलेला."

"आणि आज देव आठवला!"

"बाय, तू बोल. तुला पटतंय काय?" अनंता कमळेकडे वळला. कमळा एरवी अशा वेळी धाकट्या भावाची बाजू घ्यायची. लहानपणापासूनची सवय ती.

कमळा दारातल्या पाटावर बसली होती. तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला. "बघू दे की बाईंना," ती म्हणाली. "बघायला काय जातंय? सगलं बघू दे. सातच्या सात."

अनंताने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनीही त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कमळेने घरातल्या कुठल्या गोष्टीचा असा हट्ट धरला नव्हता.

*

सुचेताबाईंनी पिशवीतून सुती हातमोजे, भिंग आणि छोटी बॅटरी काढली. सोटे सतरंजीवर ओळीने मांडले होते. त्यांनी एकदम हात घातला नाही. "पाट्या मी लिहिते," त्या रुचिकाला म्हणाल्या, "पण अभ्यास तू केलायस म्हणे. मी फक्त चुका काढणार. चालेल?"

रुचिका उभी राहिली. मास्तरांच्या हाताखाली शिकलेलं प्रत्येक मूल उत्तर द्यायला उभं राहायचं. बसून दिलेलं उत्तर मास्तर ऐकतच नसत.

"आजोबांचे तीन प्रश्न आहेत," ती म्हणाली. "रेषा कुठे जाते, हात कुठे लागलाय, आणि वास कसला येतो." तिने पहिला सोटा उचलला. "हा केनियाकडचा. मसाई लोकांचा. त्याला रुंगू म्हणतात. फेकून मारायचा म्हणून हलका. दांडा आणि डोकं वेगळं जोडलेलं नाही, मुळाजवळच्या गाठीतून कोरलंय. म्हणून लाकडाची रेषा दांड्यातून सरळ डोक्यात चढते. जोडलेला असता तर तुटली असती."

"शाब्बास. आणि हात?"

"इथे. मुठीच्या जागी लाकूड काळं आणि गुळगुळीत, वर खडबडीत. पॉलिश केलेला असता तर सगळीकडे सारखाच चमकला असता."

सुचेताबाईंनी भिंगातून पाहिलं आणि मास्तरांकडे बघून मान हलवली. मास्तरांना एरवी ह्यापेक्षा मोठं सुख नव्हतं. आज पोरीचं प्रत्येक बरोबर उत्तर त्यांना विहिरीची एकेक पायरी उतरवत होतं.

दुसरा डरबनचा, दांड्यावर तांब्याची बारीक तार विणलेला. चौथा अळंबीसारख्या चपट्या डोक्याचा. पाचव्याच्या दांड्यावर कोणीतरी सात खाचा पाडलेल्या. त्या कशाच्या ते सांगता येत नाही असं रुचिकाने प्रामाणिकपणे सांगितलं, आणि सुचेताबाई म्हणाल्या, मलाही नाही सांगता येत. तिसऱ्याला मात्र सगळे हसले.

"हा तिकडचाच आहे, पण कोणी वापरलेला नाही," रुचिका म्हणाली. "मुठीला हातच लागलेला नाही. बंदरावर खलाशांना विकायला केलेला."

"म्हणजे आज्याला उल्लू बनवला!" मनोज मांडीवर थाप मारून हसला. "सात समुद्र ओलांडून गेला आणि टूरिस्टवाला माल घेऊन आला."

"खोटा नाही म्हणायचा त्याला," सुचेताबाई म्हणाल्या. "विकायला केलेला एवढंच. पाटीवर तसंच लिहायचं. खरं लिहिलं की कुठल्याच वस्तूची लाज वाटत नाही."

मास्तरांच्या हातातला कप अजून भरलेला होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"सहावा आणि सातवा जोडी," रुचिका म्हणाली. "दारेसलामच्या. लाकडाचं नाव पिंगो. लोखंडासारखं असतं. हे पाण्यात तरंगत नाही, बुडतं. आजोबांनी बादलीत टाकून दाखवला होता, सहावा. सरळ तळाला गेला."

"आणि सातवा?"

"सातवा नाही टाकला. आजोबा म्हणाले, दोन्ही कशाला ओले करायचे."

बुडतं. मास्तरांनी हे वर्गात सांगावं तसं सहज सांगितलं होतं. त्यांना ते कसं कळलं हे विचारायचं रुचिकाला सुचलं नव्हतं.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी सर्वपित्रीच्या उधाणाला अनंता आणि हरेश खाडीकाठच्या खाजणाच्या उघाडीवर जाळं लावायला गेले होते. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी त्यातून आत येतं, ओहोटीला बाहेर जातं, आणि जाताना मासे जाळ्यात अडकतात. चोरांच्या भीतीने अनंता भिंतीवरचा सोटा सोबत घेऊन गेला. परत आला तो एकटा, कमरेपर्यंत चिखल. हरेश सकाळी सापडला. उघाडीच्या खांबावर डोकं आपटून पाण्यात पडला असं लोक म्हणाले, तसंच कागदावरही आलं. मास्तरांनी मात्र भिंतीवरची मोकळी खुंटी पाहिली होती. "एकच मारली, दादूस," अनंता दातावर दात आपटत म्हणाला होता. "भांडान जाळ्यावरशी झाला. त्यानं आयवरशी शिवी दिली. एकच मारली, त्याचा पाय घसरला, आन् सोटा हातातशी सुटला." मास्तर तीन दिवस ओहोटीच्या वेळी चिखल चाचपत राहिले. दुसरं लाकूड असतं तर कुठेतरी काठाला लागलं असतं. हे लागलं नाही.

आणि दहाव्या दिवशी दसरा होता. सूतक जावयाच्या घरचं, पूजा चुकवायची नाही, असं बापाने बजावलं होतं. भावकी येणार, पोरं मोजणार.

मास्तरांनी बाभळीचं लाकूड पिशवीत घातलं, सोबत नमुना म्हणून सहावा सोटा, आणि भिवंडीत पॉवरलूमचे लाकडी रूळ करून देणाऱ्या खरादीकडे गेले. शाळेच्या नाटकासाठी भीमाची गदा हवी, असं सांगितलं. "मास्टरजी, भीम इतना दुबला था क्या?" खरादी हसत म्हणाला आणि त्याने लाकूड खरादावर, फिरत्या यंत्रावर चढवलं. घरी आणून मास्तरांनी त्याला रंगाऱ्याकडचा काळा रंग दिला, वरून लूमचं जळकं तेल चोळलं. दसऱ्याला पोरांनी सात मोजले. रडून सुजलेल्या डोळ्यांची कमळा पाटावर बसून होती, मांडीवर मनोज.

त्या दिवसापासून मास्तरांना दसरा आला की जेवण जात नसे.

*

रुचिकाने सातवा सोटा उचलला.

अनंता उभाच होता, दाराची चौकट धरून.

तिने आधी तो दोन्ही हातांत तोलला. मग सहावा एका हातात, सातवा दुसऱ्या हातात. तिची भुवई जराशी वर गेली. मुठीच्या जागी पाहिलं. तळहाताने दांडा जोरात घासला, ऊब आल्यावर नाकाशी नेला, आणि नाक तिथेच राहिलं. पॉवरलूमच्या गल्लीत दर शनिवारी मैत्रिणीकडे जाणाऱ्या पोरीला त्या वासाचं नाव कोणी सांगायला नको होतं. शेवटी तिचा अंगठा डोक्यावर फिरत फिरत माथ्याच्या बरोबर मध्ये आला आणि थांबला.

अंगठ्याखाली काय आहे ते मास्तरांना माहीत होतं. खरादाच्या टोकाने पाडलेला बारीक खड्डा, लाखेने बुजवलेला.

रुचिकाने मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर सापडलेल्या मुलाचा चेहरा मास्तरांनी हजारदा पाहिला होता. हा तोच चेहरा, फक्त त्यात आनंद नव्हता. तिने त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला, खाली ठेवलेला कप पाहिला, आणि दाराशी पांढरा पडलेला अनंता पाहिला.

ती हळूच सतरंजीवर बसली.

"सहाव्यासारखाच आहे," ती म्हणाली. "पिंगो. जोडीतला."

"छान," सुचेताबाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. "जोडीच म्हटल्यावर एक पाटी पुरेल." पेनाचं टोपण काढून त्या लिहायला लागल्या. अनंताने चौकटीला डोकं टेकवून लांब श्वास सोडला. मनोज आत तोंड करून ओरडला, "जेवणाची पानं घ्या रे!"

झालं होतं. पुढच्या महिन्यात घर पडेल. उघाडी होती तिथे आता गोडाऊनची फरशी आहे, तिच्याखाली कोणी कधी बघणार नाही. मास्तरांनी डोळे मिटले. एकोणचाळीस वर्षं मागितलेली गोष्ट अशी हातात येऊन पडली होती.

डोळे उघडले तेव्हा रुचिका अंगठा फ्रॉकला पुसत होती. घासून घासून पुसत होती, तेल निघावं म्हणून, आणि खालचा ओठ आत घेऊन, कुणाकडेच बघत नव्हती. ती बसूनच होती. बसून उत्तर दिलं होतं तिने.

त्या रात्रीनंतर अनंता असाच ओठ आत घेऊन, मान खाली घालून बसायचा. आधी दिवस, मग वर्षं.

"रुचिका," मास्तर म्हणाले. तिने मान वर केली नाही. "रुचिका, उत्तर चुकलं."

सुचेताबाईंचं पेन थांबलं.

"दादूस!" अनंता ओरडला.

"उभी राहा बाळ. घाई नाही. पुन्हा बघ, आणि दिसतं तेच सांग."

"आजोबा, मला नाही..."

"माझ्याकडे बघायचं नाही. सोट्याकडे बघ."

रुचिका उभी राहिली. डोळे भरले होते, पण तिने सोटा धरला. "हा हलका आहे," ती म्हणाली. "सारख्याच मापाचा, पण हलका. डोकं एकदम गोल आहे. हाताने कोरलेलं इतकं गोल येत नाही. माथ्याला मधोमध खड्डा आहे, बुजवलेला. हा... हा खरादावर केलाय. वास लूमच्या तेलाचा आहे."

"आणखी?"

मास्तरांना वाटलं एवढंच असेल. पण पोरीने सहावा उचलून बॅटरीखाली धरला, मग सातवा धरला.

"आणखी, सगळ्या सोट्यांना हळदीकुंकवाचे डाग आहेत. दसऱ्याचे. भेगांमध्ये बसलेत, आजीच्या बोटांचे. ह्याला एकही नाही." ती दाराकडे वळली. "आजी, तू ह्याला कधीच कुंकू लावलं नाहीस?"

हे मास्तरांना माहीत नव्हतं. आईच्या मागे सोट्यांची पूजा कमळाच करायची. दर दसऱ्याला मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे, काही ओळखलं का, काही ओळखलं का. तिच्या बोटांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

कमळा मास्तरांकडे बघत होती.

मनोजला पहिल्यांदा हसूच आलं. "म्हणजे आज्याला पुन्हा फसवला? जोडी सांगून एक नकली दिला?" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "अरे, एवढं काय मग? लिहा मॅडम, एक डुप्लिकेट."

"हां, फसवला बाबाला!" अनंता घाईघाईने म्हणाला. "बाबा मला बोललेला एकदा. दारूच्या नादात घेतला, बोलला. दादूस, आठवतंय ना तुला? आठवतंय ना?"

सुटकेचं दार पुन्हा उघडलं होतं. फक्त मान हलवायची होती. समोर मनोज हसऱ्या चेहऱ्याने उभा होता. सहा वर्षांचा असताना ह्याच ओटीवर त्याने पाटीवर पहिला 'म' गिरवला होता, मास्तरांनी त्याचा हात हातात धरला होता. उद्यापासून तो मामा म्हणेल का, हे मास्तरांना सांगता येत नव्हतं.

"लूमचं तेल दारेसलामला कुठून येणार, मनोज," ते म्हणाले. "हा मी करून आणला. भिवंडीतून. तुझे वडील गेले त्या दसऱ्याला."

मनोजचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि मग ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. "का? मग खरा कुठे गेला?"

सुचेताबाईंनी हळूच टोपण लावलं आणि हातमोजे काढायला सुरुवात केली. अनंता एक पाऊल मागे, अंगणाच्या बाजूला सरकला.

"बस, अनंता," कमळा म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. अनंता होता तिथे, उंबऱ्यावर बसला.

"रुची, बाईंना घेऊन आत जा. पानी दे त्यांना." रुचिका जागची हलेना, तशी कमळा उठली, नातीच्या हातातून सातवा सोटा घेतला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला आतल्या दारापर्यंत पोचवलं. मग परत येऊन मोठ्या भावासमोर जमिनीवर बसली. सोटा मांडीवर आडवा.

"त्यांच्या डोक्याची जखम मी धुतलेली," ती म्हणाली. "खांब चौकोनी होता, दादूस. जखम गोल होती. घरी आयलो, भिंतीवर सात होतं. मना वाटला मीच येडी झाली. दसऱ्याला ह्याला हात लावला, तं हाताला रंग लागला." तिने तळवा उघडून पाहिला, जणू अजून तिथे असावा. "कुनी केला त्याचा नाव मी कवा घेतला न्हाय. माझ्या पोराला घर पाहिजेल होता. पन वाट बघत होतो. एकोनचालीस दसरं. कवातरी मास्तर सांगंल. पोरांना खरा बोलायला शिकवतंय, कवातरी मनाही सांगंल."

"आई," मनोज म्हणाला. "काय चाललंय? मामा?"

बसून सांगता आलं असतं. ह्या वयात कोणी उभं राहा म्हणालं नसतं. त्यांनी खुर्चीच्या हातावर भार दिला, एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले, हरेशच्या फोटोकडे तोंड केलं आणि ते उभे राहिले.